वापरात नसलेले

हापसालूच्या बंदर-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
हीटरला पाठ लावून बसते मी
आणि फेरीबोटीच्या वेळापत्रकाचे कपडे बदलते.
काम तेवढंच. वेळा माझ्या नाहीत,
बोट माझी नाही, समुद्र तर नाहीच नाही.
माझ्याकडे फक्त रंग, समास, अक्षरांची जाडी.

स्टाइलशीट एन्देलची.
तेवीस वर्षं एकट्याने थरावर थर चढवले त्याने,
जुन्याला हात न लावता.
खाली नवी ओळ, तिच्याखाली तिला खोडणारी ओळ,
आणि दोघींचं जमेना तिथे
"महत्त्वाचं!" असा शेरा, खिळ्यासारखा ठोकलेला.
नव्व्याण्णव ठिकाणी महत्त्वाचं.
सगळेच मोठे असलेल्या घरात
कोण कुणाचं ऐकणार?

टूल मात्र गुणी आहे.
उजवं बटण दाबलं की पान उसवतं,
आतलं अस्तर दिसतं,
प्रत्येक नियमापुढे एक चिमुकली चौकट.
टिचकी मारली की निळा जातो,
पुन्हा मारली की येतो.
वरचा बाण दाबत राहिलं तर समास फुगतो
एकेक पिक्सेल, राईची कणीक फुगावी तसा.
काही मोडत नाही. खिडकी बंद केली
की सगळं होतं तसं.
अशी सोय मला आणखी कुठे मिळालेली नाही.

मागच्या सोमवारी नवं टूल बसवलं.
ते अख्खी साइट फिरून येतं, दारोदार,
आणि न लागणाऱ्या ओळींपुढे लाल रेघ ओढतं.
वापरात नसलेले नियम: दोनशे चौदा.
खाली बटण: साफ करा.

बटण दाबायच्या आधी वाचत गेले,
चहा निवेपर्यंत.
धक्क्यावरच्या बंद पडलेल्या कॅफेचं चिन्ह. जा.
एका ब्राउझरची केलेली मनधरणी,
तो ब्राउझर आता कुणाकडेच नाही. जा.
कधी सुरूच न झालेल्या रविवारच्या फेरीचा हिरवा,
छान हिरवा होता. जा.

मग, पार तळाशी: जाएते.
बर्फवाट.

पार्श्वभूमी पांढरी. अक्षरं गर्द निळी.
बोटीचं चित्र: दिसू नये.
वर एन्देलची टीप, तारकांच्या कुंपणात:
समुद्र गोठला की पानाला हे नाव लावणे.
बर्फ पुरेसा जाड झाल्याचा फोन हेल्यूर करतो,
त्याआधी नाही.
"पट्टा बांधू नका" हे वाक्य सर्वांत मोठं ठेवणे.
दार पटकन उघडता आलं पाहिजे.

शेवटचं कधी लागलं होतं, तारीख काढली.
तेव्हा मी शाळेत होते. मागच्या सीटवर.
आई पट्टा न बांधता, काच खाली करून चालवत होती.
दोन्ही बाजूंना बर्फात रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या
आणि चाकांखाली एक लांब, खोल आवाज,
तळाशी कुणी कपाट सरकवतंय जणू.
आई म्हणाली, बोलू नकोस.
मी बोलत नव्हतेच.

एन्देलला फोन केला. ठेवू की काढू?
"टूल काय म्हणतं?"
वापरात नाही म्हणतं.
"खरंच आहे त्याचं."
मग बराच वेळ नुसता श्वास,
मग गाजरं वाळूत कशी पुरून ठेवायची ते सांगत बसला,
देठ किती कापायचा, थर किती जाड.
मी ऐकून घेतलं. माझ्याकडे गाजरं नाहीत.

टूल दारोदार फिरतं हे खरं,
पण गोठलेल्या फेब्रुवारीचं दार
त्याच्या यादीत नाही.
असं मी लिहिणार होते अहवालात. लिहिलं नाही.
त्याऐवजी ते नाव पानाला लावून पाहिलं,
फक्त माझ्या स्क्रीनवर,
फक्त खिडकी बंद करेपर्यंत.

पान पांढरं झालं.
बोट गेली.
पट्टा बांधू नका, हातभर अक्षरांत.

तेवढ्यात तिकीट-खिडकीवरची विर्वे
सहीचे कागद घेऊन वर आली,
स्क्रीनकडे बघत राहिली,
आणि एक शब्द न विचारता
काचेवरची वाफ बाहीने पुसून
समुद्र बघायला गेली.

पाण्यावर पाऊस. पाच दहाची बोट
वेळेवर होती.
विर्वे अजून तिथेच उभी.